डेक, जादा खोली आणि वजनाची वाट : अमेरिकेतलं घर स्वतः वाढवताना

आजचा विषय घरगुती आहे. अमेरिकेत स्वतःचं घर झालं की पहिल्या दोन-चार उन्हाळ्यांत दोन बेत हमखास निघतात. एक म्हणजे मागच्या अंगणात डेक. दुसरा म्हणजे तळमजल्यावर एक जादा खोली. आई-बाबा सहा महिने राहायला येणार, त्यांचे गुडघे दुखतात, वर-खाली करायला नको. मग कंत्राटदाराला बोलावलं जातं, तो आकडा सांगतो आणि तो गेल्यावर घरात एक वाक्य उच्चारलं जातं : "आपणच करू या की!"

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. यातलं बरंच काम आपण स्वतः करू शकतो. इथली घरं लाकडी सांगाड्याची असतात, हत्यारं भाड्याने मिळतात आणि बहुतेक गावांत घरमालकाला स्वतःच्या राहत्या घराचं परमिट स्वतःच्या नावावर काढता येतं. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घर म्हणजे वीट, सिमेंट आणि स्लॅब असतो. लाकडी घर वेगळ्या पद्धतीने उभं राहतं आणि वेगळ्या पद्धतीने पडतं. ते कसं, एवढं समजलं तरी आज इथे आल्याचं सार्थक झालं असं समजू.

आपला कडीपाट आणि इथला डेक

डेक समजायला अवघड नाही, कारण त्याचा भाऊ आपल्याकडे आहे. जुन्या वाड्यात माजघरात बसून वर बघितलं की कडीपाट दिसतो. ओळीने लावलेल्या कड्या, त्यांच्यावर आडव्या फळ्या म्हणजे पाट. कड्या एका बाजूला भिंतीवर, दुसऱ्या बाजूला तुळईवर. तुळई खांबांवर, आणि खांब दगडी तळखड्यांवर.

डेक हाच आहे. कडीला इथे जॉइस्ट म्हणतात, तुळईला बीम, खांबाला पोस्ट, आणि तळखड्याच्या जागी काँक्रीटचं फुटिंग. फरक एकच, पण मोठा. वाड्यात कडीचं टोक भिंतीत घुसलेलं असतं, ते भिंतीवर बसतं. डेकचा जॉइस्ट घराच्या भिंतीत घुसत नाही. घराच्या अंगाला एक आडवी फळी ठोकतात, तिला लेजर म्हणतात, आणि जॉइस्ट त्या फळीला लटकतो. म्हणजे एका बाजूला डेक उभा असतो आणि दुसऱ्या बाजूला तो टांगलेला असतो. या फरकातून पुढचं सगळं निघतं.

वजन किती आणि ते जातं कुठे

आपण एक नेहमीचा डेक घेऊ. घरापासून बाहेर १२ फूट, लांबी १६ फूट. क्षेत्रफळ १९२ चौरस फूट. कोडप्रमाणे दर चौरस फुटाला ४० पौंड माणसांचं आणि सामानाचं वजन धरतात, आणि १० पौंड लाकडाचं स्वतःचं. १९२ गुणिले ४० म्हणजे ७,६८० पौंड. सरासरी १६० पौंडांचा माणूस धरला तर ही ४८ माणसं झाली. एवढी कोण बोलावतं, असं वाटेल. गणपतीची आरती झाल्यावर प्रसादाची ताटं घेऊन सगळे बाहेर आले की आठवा, किंवा मुलाच्या ग्रॅज्युएशनची पार्टी आठवा. शिवाय उत्तरेकडच्या राज्यांत बर्फाचं वजन यापेक्षा जास्त धरावं लागतं.

त्यात लाकडाचं वजन मिळवलं की ९,६०० पौंड होतात, म्हणजे सव्वाचार टनांच्या वर. बीम अगदी बाहेरच्या कडेला असेल तर यातलं निम्मं, ४,८०० पौंड, बीमवर जातं आणि निम्मं घराला ठोकलेल्या त्या फळीवर. दर फुटाला ३०० पौंड.

बीमखाली तीन खांब आहेत असं धरू. मधल्या खांबाच्या वाट्याला ढोबळ हिशेबाने त्यातलं निम्मं, २,४०० पौंड येतं. साध्या मातीची ताकद दर चौरस फुटाला १,५०० पौंड धरली, तर फुटिंगचा तळ १.६ चौरस फूट हवा. म्हणजे साधारण १८ इंच व्यासाचं गोल फुटिंग. आता दुकानात मिळणारा ८ इंचांचा पुठ्ठ्याचा नळकांडा मातीत उभा करून त्यात काँक्रीट ओतलं, तर त्याचा तळ चौरस फुटाच्या जेमतेम एक तृतीयांश होतो. खांब कितीही जाड घ्या, तो हळूहळू मातीत शिरणार.

हे गणित चौथीतलं आहे. तुमच्या डेकचे आकडे घालून घरी करून बघा. कुठलाही तुकडा लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : इथून वजन जमिनीपर्यंत कुठल्या वाटेने जातं? वाट सापडली नाही, तर तो तुकडा लावायचा नाही.

टांगलेली बाजू

डेक कोसळल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पुष्कळदा फळ्या तुटलेल्या नसतात, खांब मोडलेले नसतात. डेक घरापासून सुटलेला असतो. आणि लेजर नुसत्या खिळ्यांवर असतो.

खिळ्याचा स्वभाव समजून घेऊ. भिंतीत खिळा ठोकून त्यावर पिशवी अडकवली तर तो चांगलं वजन घेतो. तोच खिळा सरळ बाहेर ओढला तर पक्कडीने सहज निघतो. डेकवर माणसं शांत उभी असतात तेव्हा लेजर खाली दाबला जातो. गाणं लागलं, सगळे एकाच तालात हलायला लागले की डेक घरापासून बाहेर ओढला जातो. खिळ्यांना नेमकं तेच झेपत नाही. वर्षानुवर्षं लाकूड भिजतं, वाळतं, आणि खिळे आपोआप थोडे थोडे बाहेर येतात. एक दिवस सगळे एकदम सुटतात.

म्हणून कोडला अर्ध्या इंचाचे लॅग स्क्रू किंवा आरपार बोल्ट लागतात. १२ फूट लांब जॉइस्टसाठी नेहमीच्या तक्त्यात लॅग स्क्रू साधारण दर १५ इंचांवर येतो, एक वर, एक खाली असा. शिवाय डेक बाहेर ओढला जाऊ नये म्हणून त्याला घराच्या आतल्या जॉइस्टशी जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या वेगळ्या.

आता विटांबद्दल. आपल्याला वाटतं, घर विटांचं आहे, म्हणजे भिंत भक्कम, ठोका काय हवं ते. इथल्या बहुतेक नव्या घरांत वीट ही नुसती कातडी असते. एक विटेचा थर, मागे पोकळी, त्यामागे लाकडी सांगाडा. ती वीट घराचं वजन पेलत नाही, स्वतःचंच पेलते. त्या थराला लेजर टांगायला कोडची मनाई आहे. अशा घराला डेक स्वतःच्या पायावर उभा करायचा, घराच्या बाजूलाही खांब देऊन. फक्त लक्षात ठेवा, घराच्या पायालगतची माती घर बांधताना खणून पुन्हा भरलेली असते. ती बसते. तिथली फुटिंग्ज त्या भरावाच्या खाली, मूळ जमिनीवर न्यावी लागतात.

पाणी

१६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियात बर्कली इथे एका इमारतीची बाल्कनी कोसळली आणि सहा तरुण मुलं गेली. इमारत जुनी नव्हती. बाल्कनीच्या आतली लाकडं ओल कोंडून कुजली होती. वरून सगळं ठीक दिसत होतं. या घटनेनंतर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने अपार्टमेंट इमारतींच्या बाल्कन्या ठरावीक काळाने तपासण्याचा कायदा केला.

घराच्या डेकला हाच धोका लेजरच्या मागे असतो. घर आणि फळी यांच्या फटीत पाणी शिरलं की ते वाळत नाही. चार-सहा वर्षांत फळीच्या मागचं घराचं लाकूड भुसभुशीत होतं आणि बोल्ट कितीही जाड असले तरी ते भुशात उभे राहतात. यावर उपाय म्हणजे फ्लॅशिंग : भिंतीच्या बाहेरच्या आवरणाखालून निघून लेजरच्या माथ्यावरून पुढे वाकवलेला पत्रा. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, कधी उलटं नसतं. फ्लॅशिंगचा नियम तोच. वरचं नेहमी खालच्याच्या अंगावर.

पत्रा कुठला हेही महत्त्वाचं. २००३ अखेरपर्यंत घरगुती वापराच्या लाकडाला आर्सेनिक असलेलं औषध लावत. ते बंद झालं आणि जास्त तांबं असलेली औषधं आली. तांबं साध्या लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला खातं. म्हणून अशा लाकडाला ॲल्युमिनियमचा पत्रा थेट चिकटू द्यायचा नाही, आणि स्क्रू-बोल्ट-हँगर हॉट-डिप गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्यायचे. घरात पडलेले जुने स्क्रू वापरून वाचवलेले वीस डॉलर फार महाग पडतात.

थंडी आणि जमीन

महाराष्ट्रात पाया खणताना कडक मुरूम किंवा कातळ लागला की थांबतात. इथे आणखी एक हिशेब आहे. जमिनीतलं पाणी गोठतं, आणि गोठताना खालून आणखी पाणी वर ओढून बर्फाचे थर वाढवत नेतं. हे थर वरचं काँक्रीट उचलतात, आणि वसंतात वितळले की ते खाली बसतं, पण पूर्वीच्याच जागी बसेल असं नाही. घर खोल पायावर, ते हलत नाही. डेक उथळ पायावर, तो हलतो. मग ताण पुन्हा त्या लेजरवर येतो.

म्हणून फुटिंगचा तळ गोठण्याच्या पातळीखाली हवा. ही पातळी जागेप्रमाणे बदलते. मिनेसोटाच्या दक्षिण भागात ४२ इंच, उत्तर भागात ६० इंच खोली मागतात. टेक्सासच्या दक्षिणेला हा प्रश्न जवळजवळ नाही, पण तिथली चिकण माती पावसात फुगते आणि उन्हात आटते, आपल्या काळ्या जमिनीसारखी. तुमच्या गावचा आकडा बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन केला की मिळतो.

दुसरा फोन ८११ ला करायचा. खणण्याच्या काही दिवस आधी. गॅस, वीज, पाणी, केबल यांच्या कंपन्यांची माणसं येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात. पैसे लागत नाहीत. तुमच्या मीटरपासून पुढची, म्हणजे तुमची स्वतःची खाजगी लाइन मात्र ते दाखवतीलच असं नाही. ग्रिलला गॅस नेला असेल तर ती आपण शोधायची.

कठडा आणि पायऱ्या

डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर कठडा सक्तीचा. उंची निदान ३६ इंच, काही राज्यांत ४२. दोन उभ्या पट्ट्यांमधून ४ इंचांचा चेंडू जाता कामा नये, कारण लहान मुलाचं शरीर गेलं आणि डोकं अडकलं असं होऊ शकतं. आणि माथ्यावर २०० पौंडांचा धक्का सोसला पाहिजे.

२०० पौंड फार वाटत नाहीत. पण कठड्याचा खांब ही पहार आहे. ३६ इंच उंचीवर २०० पौंडांचा धक्का बसला आणि खालचे दोन बोल्ट एकमेकांपासून ५ इंचांवर असले, तर वरच्या बोल्टवर ७,२०० भागिले ५, म्हणजे १,४४० पौंडांची ओढ येते. नुसते स्क्रू मारलेला खांब ही ओढ घेत नाही. बोल्ट हवेत आणि आतल्या जॉइस्टला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी हवी. पाहुणे कठड्याला रेलून बसतात, त्यावर चढून फोटो काढतात. कठडा शोभेचा समजू नका.

पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच, पाऊल ठेवायची जागा निदान १० इंच. सर्वांत उंच आणि सर्वांत बुटकी पायरी यांत तीन अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक नको. पाय पहिल्या दोन पायऱ्यांवर उंची शिकतो आणि पुढे न बघता चालतो. आई-बाबांसाठी कोडपेक्षा उदार व्हा : ६ इंचांची पायरी आणि दोन्ही बाजूंना मुठीत येणारा कठडा करा.

डेकवरच खोली उठवता येईल का?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. तयार जमीन आहे, भिंती उभ्या करू, छप्पर टाकू. बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. आपण मघाशी खांबाचा आणि फुटिंगचा हिशेब केला, त्यात भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, छपरावरचा बर्फ नव्हता. पुढेमागे खोली करायची असेल तर पहिल्या दिवशीच पाया त्या वजनाचा घाला. खड्डे थोडे मोठे होतील, खर्च थोडा वाढेल. नंतर डेक उचलून पाया बदलणं म्हणजे सगळं काम दुसऱ्यांदा करणं आहे.

गरम पाण्याच्या टबचंही तसंच. ४०० गॅलन पाणी म्हणजे सुमारे ३,३०० पौंड. टब आणि आतली चार-पाच माणसं धरली की ७ बाय ७ फुटांच्या जागेवर दर चौरस फुटाला १०० पौंडांच्या आसपास जातं. आपण ४० धरले होते.

खरी खोली

जादा खोलीला डेकचे सगळे प्रश्न आहेतच, वर आणखी काही आहेत. जुन्या आणि नव्या पायाची बैठक सारखी नसते. नवा पाया थोडा बसतोच, आणि जोडावर भेग येते. म्हणून तो जोड कसा करायचा ते इंजिनिअरने काढून द्यावं. नव्या खोलीत जायला जुनी बाहेरची भिंत फोडावी लागते, आणि ती बहुतेक वेळा वरचा मजला किंवा छप्पर पेलत असते. वर पुरेसा बीम आणि तो बसेपर्यंत तात्पुरता टेकू दिल्याशिवाय त्या भिंतीला हात लावायचा नाही.

खोलीत कोणी झोपणार असेल तर आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी कोड मागतं : उघडल्यावर निदान ५.७ चौरस फूट मोकळी जागा, रुंदी निदान २० इंच, उंची निदान २४ इंच, आणि खिडकीचा उंबरा जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. त्याच कागदावर धुराचे अलार्म येतात. आई-बाबांची खोली म्हटल्यावर यात काटकसर नको. न्हाणीघराचा दरवाजा ३६ इंचांचा ठेवा आणि भिंती बंद करण्याआधी आत आडवी लाकडं घालून ठेवा. पुढे आधाराचे दांडे लावायला तीच उपयोगी पडतात. आज याला लागणारे पैसे किरकोळ आहेत.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. भिंत फोडण्याआधी तपासून घ्या, घरात लहान मूल असेल तर नक्कीच.

परमिट

परमिट म्हणजे नुसता कागद आणि फी, असं समजून ते टाळणारे पुष्कळ आहेत. आमचं म्हणणं उलटं आहे. स्वतः काम करणाऱ्याला परमिट सर्वांत उपयोगी. परमिटच्या फीमध्ये अनुभवी माणूस तीनदा येऊन तुमचं काम बघून जातो. खड्डे खणल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी. सांगाडा झाल्यावर, फळ्या आणि भिंती झाकण्याआधी. आणि शेवटी. सूत्र एकच : झाकण्याआधी दाखवायचं.

२९ जून २००३ रोजी शिकागोत तिसऱ्या मजल्यावरचं लाकडी पोर्च पार्टी चालू असताना खालच्या मजल्यांवर कोसळलं आणि १३ माणसं गेली. त्यानंतर गर्दी जास्त झाली की बांधकाम कच्चं होतं यावर वाद झाला. गर्दी होणारच. बांधणाऱ्याने ती धरूनच बांधायचं असतं.

परमिट नसलं तर पुढेही अडतं. घर विकताना ती खोली कागदावर नसते आणि अपघात झाला तर विमा कंपनी प्रश्न विचारते. परमिटच्या आधी हद्दीपासून किती अंतर सोडायचं, वस्तीच्या संघटनेचे नियम काय, आणि सेप्टिक टँक कुठे आहे, हे तिन्ही बघून घ्या. घराचं मूल्यांकन वाढून कर वाढतो, तेही हिशेबात धरा.

आपण काय करायचं, काय नाही

खड्डे खणणं, फळ्या बसवणं, कठडा, इन्सुलेशन, ड्रायवॉल, रंग : हे आपलं. वेळ लागतो, पण चूक झाली तर दुरुस्त होते. पाया आणि लेजरचा नकाशा, वजन पेलणारी भिंत फोडणं, विजेचं पॅनेल, गॅस, आणि जुन्या-नव्या छपराचा जोड : हे जाणकाराकडून. चूक झाल्यावर ती दिसते का आणि परतवता येते का, हे विचारून वाटणी करा. मजुरी आपण जरूर वाचवू. विचार करण्याचे पैसे मात्र वाचवायचे नाहीत.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही विकत घेतलेल्या घराला पंधरा वर्षांचा डेक आहे. तो सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : काका, खाली वाकून बघा. लेजरमध्ये बोल्टची डोकी दिसतात की फक्त खिळ्यांची? घर आणि फळीच्या जोडात स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. पाव इंच सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. हँगर गंजलेत का, खांबांचे पाय मातीत गाडलेत का, कठडा हलतो का? यातली एकही गोष्ट खटकली तर जाणकाराला दाखवेपर्यंत त्यावर गर्दी करू नका.

प्रश्न : मित्रांना मदतीला बोलावलं तर चालतं ना?

उत्तर : जरूर बोलवा, जेवूही घाला. फक्त घराच्या विम्यात दुसऱ्याला झालेली इजा धरलेली आहे का ते आधी विचारा, आणि शिडीवर व करवतीवर दमलेला माणूस नको. संध्याकाळी पाचनंतर फक्त आवराआवर.

प्रश्न : सगळ्यात आधी काय घ्यायचं? करवत की ड्रिल?

उत्तर : चौकटीची वही आणि पेन्सिल. डेक कागदावर काढा आणि प्रत्येक तुकड्यापासून जमिनीपर्यंत बाण काढत जा. जिथे बाण अडेल तिथे थांबा आणि कोणाला तरी विचारा.